मुलांचा कॅन्सर आणि फुफ्फुसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅन्सरचे उपचार घेणाऱ्या मुलांचे आईवडील आणि उपचार संपवून कॉलेजात, नोकरीत रुळलेली तरुण मुलंमुली जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या मुलाचं नेमकं काय, ते त्याची फाईल ज्यांच्यासमोर आहे तेच डॉक्टर सांगतील. मूल आत्ता धापा टाकत असेल, बोलताना वाक्य तोडत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर वाचत बसू नका. १०८ ला फोन लावा.

मुलाला रक्ताचा कॅन्सर आहे. मग डॉक्टर दर वेळी छाती का तपासतात?

कारण फुफ्फुसांना त्रास एकाच वाटेनं होत नाही. कधी आजारच छातीत असतो: काही ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) आणि लिम्फोमामध्ये (लसिका गाठींचा कॅन्सर) छातीच्या मधोमध गाठ वाढते, तर हाडाचा ऑस्टिओसार्कोमा, युइंग सार्कोमा किंवा मूत्रपिंडाची विल्म्स गाठ पसरली तर बहुधा फुफ्फुसांतच पसरते. कधी केमोमुळे पांढऱ्या पेशी खाली जातात आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. कधी औषध स्वतःच फुफ्फुसाला बाधतं. आणि छातीला लाईट, म्हणजे किरणोपचार, दिले असतील तर त्याचा परिणाम काही महिन्यांनी, काही वेळा कित्येक वर्षांनी दिसतो.

रक्त किंवा प्लेटलेट चढवतानाही लक्ष ठेवा. चढवताना किंवा त्यानंतरच्या काही तासांत मुलाला दम लागला तर बाटली संपायची वाट न बघता सिस्टरला हाक मारा.

कित्येक आठवडे दमा समजून औषध दिलं, आणि निघाला लिम्फोमा. आधी कळायला नको होतं का?

हा प्रश्न विचारताना आईवडील बहुतेक वेळा स्वतःलाच दोष देत असतात. तो देऊ नका. खोकला आणि घरघर असलेल्या शंभर मुलांत जवळजवळ सगळ्यांना साधाच आजार असतो. पण काही खुणा वेगळ्या असतात, त्या शेजारपाजारच्यांनाही माहीत असलेल्या बऱ्या. मूल आडवं झोपू शकत नाही, उशा लावून किंवा बसून झोपतं. सकाळी उठल्यावर चेहरा आणि डोळे सुजलेले दिसतात. मानेवरच्या शिरा फुगतात. पंप घेऊनही फरक पडत नाही, किंवा आधी कधीच दमा नसताना बाराव्या-पंधराव्या वर्षी अचानक 'दमा' सुरू होतो. अशा वेळी छातीचा एक साधा एक्स-रे काढायला सांगा. तो छोट्या गावातही निघतो, स्वस्त असतो, आणि मधली मोठी गाठ त्यात बहुधा दिसते.

इथे दोन चुका वारंवार घडतात. पहिली स्टेरॉइडची. दम थांबत नाही म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या जातात, चार दिवसांत मूल खडखडीत बरं वाटतं, कारण त्याच गोळ्यांनी ल्युकेमिया आणि लिम्फोमाची गाठही आकसते. मग बायोप्सीत नीट काही सापडत नाही, निदान लांबतं, आणि गाठ परत वाढते. दुसरी चूक टीबीची. आपल्याकडे टीबी खरोखरच खूप आहे, त्यामुळे मानेत गाठ आणि छातीत डाग दिसला की टीबीची औषधं सुरू करण्याचा मोह होतो. माझं मत स्पष्ट आहे: गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय किंवा टीबीचा जंतू सापडल्याशिवाय सहा महिन्यांचा कोर्स सुरू होत असेल, तर 'बायोप्सी का नको?' हे डॉक्टरांना नम्रपणे, पण विचाराच.

छातीतल्या गाठीचं निदान मोठ्या माणसांतही चुकतं. युवराज सिंगला २०११ च्या विश्वचषकात खोकल्याचा आणि श्वासाचा त्रास होत होता, तरी तो खेळत राहिला आणि मालिकावीर ठरला. दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेत जर्म सेल प्रकारची (प्रजननाच्या मूळ पेशींपासून होणारी) गाठ असल्याचं नंतर कळलं आणि २०१२ मध्ये त्यानं अमेरिकेत केमो घेतली. तेव्हा तो तिशीत होता.

केमो चालू आहे. ताप आणि खोकला आला तर सकाळपर्यंत थांबलं तर चालेल?

नाही. यावर घासाघीस नाही.

ताप एकदाही १०१ अंश फॅरनहाइट झाला, किंवा १००.४ च्या वर तासभर टिकला, तर रात्र असो की रविवार, रुग्णालयाला फोन करायचा आणि निघायचं. पॅरासिटॅमॉल देऊन 'बघू उतरतो का' करू नका. ताप उतरतो, जंतू तसाच राहतो. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या खाली असताना शरीराकडे पू करायलाही पेशी नसतात. म्हणून न्यूमोनिया असूनही खोकला कोरडा, कफ नाही, एक्स-रे जवळजवळ स्वच्छ, असं होऊ शकतं. शिरेतून अँटिबायोटिक जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं, आणि मुंबईपासून दूर राहणाऱ्यांनी यासाठी जवळच्या जिल्हा रुग्णालयाशी किंवा गावच्या बालरोगतज्ज्ञांशी आधीच बोलून ठेवावं. मोठ्या रुग्णालयाकडून 'ताप आल्यास काय द्यावं' हे लिहून घेतलेली चिठ्ठी फाईलच्या पहिल्या पानावर लावा. खानदेशातून किंवा गडचिरोलीतून परळचं टाटा रुग्णालय गाठेपर्यंत पहिला डोस लांबता कामा नये.

घरी दोन गोष्टी मोजता येतात. मूल शांत किंवा झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल बघून श्वास मोजा: एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा जास्त, आणि दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ५० किंवा जास्त, म्हणजे श्वास जोरात चालला आहे. आणि कोविडात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटातून काढा. बोट गरम हवं, नखाला नेलपॉलिश नको. आकडा ९४ किंवा खाली दाखवत राहिला तर लगेच कळवा. आकडा चांगला असूनही मूल बरगड्या ओढून श्वास घेत असेल, तर विश्वास मुलावर ठेवा, यंत्रावर नाही.

सेप्ट्रान ही जंतूंवरची गोळी आठवड्यातून दोन-तीन दिवसच का? संसर्ग नसताना का?

न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीमुळे होणारा न्यूमोनिया टाळण्यासाठी. ही बुरशी निरोगी माणसाला सहसा काही करत नाही, पण ल्युकेमियाच्या मुलांत कोरडा खोकला, वाढता श्वास आणि झपाट्यानं घसरणारा ऑक्सिजन असं रूप घेते. आठवड्यात ठरावीक दिवस दिलेलं औषध ती रोखायला पुरतं. केमो संपली की ही गोळीही त्याच दिवशी संपते असं नाही. डॉक्टर सांगेपर्यंत चालू ठेवा.

घरात काय सांभाळायचं? आजी रोज धुरी देते, तिला कसं सांगू?

आजीला असं सांगा: धुरी बंद, पण ओव्याच्या पाण्याला ना नाही. धूप, उदबत्ती, मच्छर कॉइल, चूल, विडी-सिगारेट, यांतलं काहीही मुलाच्या खोलीत नको. देवघरातली एखादी उदबत्ती दुसऱ्या खोलीत लागली म्हणून घाबरू नका, पण बाळासारखं निखाऱ्यावर धरणं तर अजिबात नको.

धुरापेक्षा कमी बोललं जातं ते बुरशीबद्दल. ॲस्परजिलसचे कण सगळीकडेच असतात, पण पाडकाम चालू असलेली इमारत, ओल धरलेली भिंत, सडका पालापाचोळा, धान्याचं कोठार इथे ते भरपूर असतात. पेशी बरेच दिवस खाली राहिलेल्या मुलाच्या फुफ्फुसात ही बुरशी घर करते, आणि मग महिनोन्‌महिने बुरशीची औषधं घ्यावी लागतात. पावसाळ्यात ओल आलेली भिंत मूल दवाखान्यात असताना घासून, वाळवून घ्या. मूल घरात असताना रंगकाम काढू नका. कबुतरांची विष्ठा वाळून उडते, ती फुफ्फुसांना वाईटच. बाल्कनीला जाळी लावा आणि दाणे घालणं थांबवा, शेजारी रागावले तरी. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी खिडक्या बंद. गणपतीत घरच्या गणपतीची आरती चालेल, मंडळाची रांग नको.

धाकट्या बहिणीला पोलिओचे डोस द्यायचे का? आणि कांजिण्या आलेल्या मुलाशी आमचं मूल खेळलं असेल तर?

घरात केमो चालू असलेलं मूल असेल तर भावंडांना तोंडावाटे पोलिओचे थेंब देऊ नयेत; त्यातला जिवंत विषाणू शौचावाटे बाहेर पडतो. त्यांना पोलिओचं इंजेक्शन द्यायचं. पल्स पोलिओच्या दिवशी दारात आलेल्या ताईंना हे कारण सांगा, त्या समजून घेतात. भावंडांना गोवर आणि कांजिण्यांची लस मात्र जरूर द्यावी, आणि घरातल्या सगळ्यांनी दर वर्षी फ्लूची लस घ्यावी. फ्लूची लस सरकारी वेळापत्रकात नाही, ती खासगीत घ्यावी लागते. आजारी मुलाला स्वतःला जिवंत विषाणूच्या लसी उपचार संपून साधारण सहा महिने होईपर्यंत देत नाहीत. बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्यांचं वेळापत्रक त्याहून लांब असतं.

कांजिण्या किंवा गोवराच्या रुग्णाशी संपर्क आला असेल तर पुरळाची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयाला कळवा. या मुलांत दोन्ही आजार फुफ्फुसांत उतरतात. कांजिण्यांवरची इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) पहिल्या चार दिवसांत मिळाली तर उत्तम. गोवराचा न्यूमोनिया तर या मुलांना अंगावर पुरळ न येताही होऊ शकतो. २०२२ च्या अखेरीस गोवंडी आणि आसपास गोवर पसरला होता, तसं काही कानावर आलं तर अधिकच सावध.

कोणती औषधं फुफ्फुसांना बाधतात?

सगळी केमो नव्हे. ल्युकेमियाची बरीचशी औषधं फुफ्फुसांच्या बाबतीत सौम्य आहेत. त्यांतलं मेथोट्रेक्सेट क्वचित न्यूमोनियासारखी ॲलर्जी करतं, ती औषध थांबवल्यावर बहुधा ओसरते. खरी नावं लक्षात ठेवायची ती चार: ब्लिओमायसिन, ब्युसल्फान, कारमस्टीन, लोमस्टीन.

ब्लिओमायसिन हॉजकिन लिम्फोमात आणि जर्म सेल गाठींत वापरतात. १९६० च्या दशकात जपानमध्ये हामाओ उमेझावा यांनी ते मातीतल्या जंतूपासून वेगळं केलं. शरीरातल्या बहुतेक पेशींकडे हे औषध मोडून टाकणारं एक एन्झाइम असतं. फुफ्फुस आणि त्वचेत ते फार कमी असतं, म्हणून त्रास नेमका या दोनच ठिकाणी होतो: त्वचेवर वळ उठल्यासारखे काळे पट्टे, आणि फुफ्फुसात दाह, पुढे व्रण. औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, त्यामुळे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर धोका वाढतो. एकूण मात्रा मोठ्या माणसात ४०० युनिटच्या वर गेली की धोका झपाट्यानं चढतो, पण त्याखाली तो शून्य असतो असंही नाही. हॉजकिनच्या नेहमीच्या एबीव्हीडी या चार औषधांच्या कोर्समध्ये सहा सायकलींची, म्हणजे फेऱ्यांची, बेरीज शरीराच्या दर चौरस मीटरला १२० युनिट होते.

डॉक्टरही हे औषध टाळण्याची संधी शोधतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, दोन सायकलींनंतर पेट स्कॅन (कॅन्सर कुठे उरला आहे ते दाखवणारा स्कॅन) स्वच्छ आलेल्या प्रौढ हॉजकिन रुग्णांत पुढे ब्लिओमायसिन वगळलं तरी आजारावरचा ताबा जवळजवळ तसाच राहिला, आणि फुफ्फुसांचा त्रास कमी झाला. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला १९९६ मध्ये फुफ्फुसांत पसरलेला वृषणाचा कॅन्सर झाला, तेव्हा इंडियानातल्या डॉक्टरांनी ब्लिओमायसिनऐवजी दुसरं औषध असलेला कोर्स निवडला, फुफ्फुसं वाचावीत म्हणून.

कारमस्टीनचा त्रास फार उशिरा येतो. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात मेंदूच्या गाठीसाठी हे औषध घेतलेली १७ मुलं गाठीतून वाचली. त्यांपैकी ६ जण फुफ्फुसांच्या फायब्रोसिसनं (फुफ्फुसं व्रण धरून कडक होणं) दगावले, काही तर उपचार संपून बरीच वर्षं उलटल्यावर. आज मात्रा आणि वापर दोन्ही बदलले आहेत, तरी हे औषध कागदावर असेल तर 'दहा वर्षं झाली, आता काय' असं म्हणता येत नाही.

छातीला लाईट दिली होती. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. वयानं फरक पडतो का?

पडतो, आणि लहान वयात जास्त. बाळ जन्मतं तेव्हा हवेच्या पिशव्यांचा थोडाच भाग तयार असतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत त्या झपाट्यानं वाढतात, नंतरही भर पडत राहते. त्या काळात लाईट मिळाली तर फुफ्फुस वाढायचंच थोडं मागे राहतं. शिवाय बरगड्या, कणा, छातीचे स्नायू यांचीही वाढ खुंटते, म्हणजे फुफ्फुसाला फुगायला जागाच कमी. विल्म्स गाठ फुफ्फुसांत पसरल्यावर दोन्ही फुफ्फुसांना साधारण १२ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) देतात, ती मात्रा प्रौढांच्या मानानं लहान असली तरी वाढत्या छातीला जाणवते.

लाईटनंतर एक ते सहा महिन्यांत कोरडा खोकला, बारीक ताप, दम असं सुरू झालं तर तो लाईटचाच दाह असू शकतो. स्टेरॉइडनं बहुधा बरा होतो, पण आधी संसर्ग नाही ना हे बघावं लागतं. मुलीच्या बाबतीत आणखी एक: छातीवर १० ग्रे किंवा जास्त मिळाले असतील तर पंचविसाव्या वर्षापासून किंवा लाईटनंतर आठ वर्षांनी, जे नंतर येईल तेव्हापासून, दर वर्षी स्तनांची तपासणी लागते. हे फुफ्फुसांचं नाही, पण पंधरा वर्षांनी सांगायला कोणी शिल्लक नसतं म्हणून इथेच लिहिलं.

बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर जिना चढताना दम लागतो. अशक्तपणा असेल का?

असू शकेल, पण तसं गृहीत धरू नका. काही वेळा दात्याच्या पेशी बारीक श्वासनलिकांवर हल्ला करतात आणि त्या व्रण धरून अरुंद होतात. हे बहुधा पहिल्या दोन वर्षांत होतं, हळूहळू होतं, आणि गेलेला श्वास सहसा परत मिळत नाही. लवकर पकडलं तर आहे तिथे थांबवता येतं. म्हणून ट्रान्सप्लांट युनिट दर काही महिन्यांनी फुंकर तपासणी, म्हणजे यंत्रात फुंकून फुफ्फुसांचं काम मोजणं, करायला लावतं. 'बरं वाटतंय' म्हणून ती चुकवू नका. छातीचा एक्स-रे यात अगदी स्वच्छ दिसू शकतो.

असा त्रास किती जणांना होतो?

अमेरिका आणि कॅनडात १९७० ते १९८६ या काळात निदान झालेल्या हजारो मुलांचा मागोवा घेतला, तेव्हा पंचेचाळिशीपर्यंत फुफ्फुसांचा काहीतरी आजार झालेल्यांचं प्रमाण २९.६ टक्के आढळलं. त्यांच्या निरोगी भावंडांत ते २६.५ टक्के होतं. म्हणजे एकूण फरक वाटतो तितका मोठा नाही. पण आत डोकावलं की चित्र बदलतं: फायब्रोसिस भावंडांच्या साडेतीन पट, वारंवार न्यूमोनिया दुप्पट. याउलट अमेरिकेत मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात फुफ्फुसांना बाधणारे उपचार झालेल्या प्रौढांना प्रत्यक्ष यंत्रात फुंकायला लावलं, तेव्हा ६५ टक्क्यांच्या तपासणीत काही ना काही उणं निघालं. त्यांतल्या अनेकांना काहीच जाणवत नव्हतं. मला यातून एवढंच दिसतं की धोका सगळ्यांवर सारखा वाटलेला नाही. तो कोणावर आहे हे औषधांची नावं आणि मात्राच सांगतात.

म्हणजे फाईलमधलं नेमकं काय जपायचं?

जाड फाईल नव्हे, एक पान. आजाराचं नाव, निदान आणि शेवटच्या केमोची तारीख. वर सांगितलेल्या चार औषधांपैकी काही दिलं असेल तर एकूण मात्रा. डॉक्सोरुबिसिन किंवा डॉनोरुबिसिन असेल तर तीही बेरीज, कारण ती हृदयाला बाधतात. लाईट शरीराच्या कुठल्या भागाला, किती ग्रे. ट्रान्सप्लांट झालं का, कोणाच्या पेशींनी. छातीची शस्त्रक्रिया झाली का. उपचार संपताना हे पान हक्कानं मागून घ्या आणि फोटो काढून आईवडील आणि मूल अशा तिघांच्याही फोनमध्ये ठेवा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये बरे झालेल्या मुलांसाठी 'एसीटी क्लिनिक' १९९१ पासून चालतं. तिथे जाणाऱ्यांना अशी नोंद मिळते. इतर ठिकाणी मागितल्याशिवाय मिळेलच असं नाही.

मूल सतरा-अठरा वर्षांचं झालं की पान त्याच्या हाती द्या. 'त्याला काही आठवत नाही, कशाला आठवण करून द्यायची' असं अनेक घरांत म्हणतात. माया कळते, पण नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेलेल्या मुलाला तिथला डॉक्टर विचारतो तेव्हा त्याच्याकडे उत्तर नसतं.

फुंकर तपासणीत काय बघतात?

एका नळीत जोरात फुंकायचं, मग यंत्राच्या काचेच्या बंद पेटीत बसून श्वास घ्यायचा, आणि तिसऱ्या भागात किंचित गॅस ओढून दहा सेकंद रोखायचा. या तिसऱ्याला डीएलसीओ म्हणतात. ऑक्सिजन फुफ्फुसातून रक्तात किती सहज जातो ते त्यातून कळतं. ब्लिओमायसिन आणि लाईटच्या रुग्णांत बिघाड बहुधा आधी इथेच दिसतो, म्हणून नुसती स्पायरोमेट्री (पहिला, नळीत फुंकण्याचा भाग) करून 'नॉर्मल' लिहून दिलं तर डीएलसीओबद्दल विचारा. हिमोग्लोबिन कमी असेल तर आकडा उगाच खाली येतो, तेव्हा रक्ताचा अहवाल सोबत न्या. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना हे नीट जमत नाही. धोका असलेल्यांची पहिली तपासणी उपचार संपून दोन वर्षांनी करतात, त्रास असेल तर आधीच.

दम लागतो पण फुंकर तपासणी चांगली आहे. मग?

मग हृदय बघा. डॉक्सोरुबिसिनमुळे थकलेलं हृदयही दमच लावतं, आणि ते इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) दिसतं. रक्त कमी असणं, थायरॉइड, वाढलेलं वजन हीसुद्धा कारणं. वर्षभर अंथरुणात घालवलेल्या मुलाचे स्नायूही उतरलेले असतात. तो दम रोज चाललं की कमी होत जातो. अचानक एका बाजूला छातीत कळ येऊन दम लागला तर मात्र लगेच रुग्णालय. फुफ्फुसाभोवती हवा साठलेली असू शकते किंवा रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते.

तीन छोट्या चेंडूंचं श्वासाचं यंत्र रोज वापरू का? प्राणायाम?

ते यंत्र शस्त्रक्रियेनंतर फुफ्फुसाचा तळ उघडा राहावा म्हणून असतं. फायब्रोसिस त्यानं विरघळत नाही. प्राणायामानं मन शांत होतं आणि श्वासाला लय येते, जरूर करा. पेशी कमी असताना गर्दीच्या वर्गात जाऊन नको. खरा फायदा चालणं, सायकल, पोहणं यांचा. सिगारेट आणि हुक्का कधीच नाही, व्हेपही नाही. ई-सिगारेटवर तर देशात २०१९ पासून कायद्यानंच बंदी आहे.

उपचार संपून सात वर्षं झाली. आता अपेंडिक्सच्या ऑपरेशनआधी ब्लिओमायसिनचं सांगायलाच हवं का?

हो, आणि सर्जनबरोबरच भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही. हे औषध घेतलेल्या फुफ्फुसांना ऑक्सिजनचं प्रमाण फार वाढवलं की दाह होऊ शकतो, म्हणून ते शक्य तितका कमी ऑक्सिजन आणि मोजके द्रव वापरतात. जीव धोक्यात असेल तर ऑक्सिजन अर्थातच द्यायचाच; ते अडवायला हे कारण पुढे करू नका.

मित्रांबरोबर तारकर्लीला जातोय. स्कुबा करू?

ब्लिओमायसिन, छातीला लाईट, ट्रान्सप्लांट किंवा फुफ्फुसाची शस्त्रक्रिया यांपैकी काही झालं असेल तर आधी छातीरोगतज्ज्ञांकडून डीएलसीओसह तपासणी करून त्यांची परवानगी घ्या. पाण्याखाली दाब वाढतो, ऑक्सिजनही त्या प्रमाणात जास्त मिळतो, आणि वर येताना कुठे हवा अडकली तर फुफ्फुस फाटू शकतं. किनाऱ्यावर भरून घेतात त्या फॉर्ममध्ये 'आजार नाही' वर खूण करून मोकळं होऊ नका. स्नॉर्केलिंगला, फुफ्फुसं आणि हृदय ठीक असतील तर, सहसा कोणी अडवत नाही.